डोळ्यांतला पांढरा

६ जानेवारी २००९, मंगळवार. ठरलेली रक्कम अकराशे चाळीस रुपये, पैकी पाचशे आगाऊ. हजर तिघं: मी, कौसाबाई आणि त्यांची नात प्रज्ञा.

लेखाची सुरुवात अशी करतात का, मला माहीत नाही. आमच्या घरात मात्र व्यवहाराची गोष्ट अशीच सांगतात. माझे वडील फुलंब्रीकडचे मेंढपाळ. लिहिता-वाचता येत नव्हतं. मेंढरू विकलं की ते वार, भाव आणि हजर माणसांची नावं तीनदा मोठ्यानं म्हणायचे आणि तिसऱ्यांदा समोरच्याकडून म्हणवून घ्यायचे. तेवढंच खरेदीखत. त्यावर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

मी स्वतः चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. तो बंद पडला तेव्हा शहागंजातल्या हमीदचाचांच्या हाताखाली फोटोच्या फ्रेमा करायला शिकलो आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. माझ्याबद्दल एवढं पुरे. कामाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, नाहीतर कौसाबाईंची तक्रार कळणार नाही.

फोटो आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जी रुंद पट्टी दिसते, तिला आम्ही माउंट म्हणतो. दीडेक मिलिमीटरचा पुठ्ठा, आतून पंचेचाळीस अंशांत तिरका कापलेला. त्याची कामं दोन. फोटो काचेला चिकटू द्यायचा नाही आणि बघणाऱ्याच्या नजरेला टेकायला जागा द्यायची. गिऱ्हाईक लाकूड निवडायला अर्धा तास घेतं आणि माउंटचं विचारलं की म्हणतं, "त्यात काय, पांढरा टाका." गोम तिथंच असते.

पांढरा एक नसतो. माझ्याकडे नऊ होते. प्रत्येकाचा कोपऱ्याच्या आकाराचा नमुना, मागं नंबर घातलेला. एक नंबर सगळ्यात झगझगीत, नऊ नंबर जवळजवळ सायीच्या रंगाचा. आमची ही म्हणायची, "दुकानात तुम्हाला पांढऱ्याचे नऊ प्रकार दिसतात, घरात स्वतःची बनियन किती मळली ते दिसत नाही."

इंकजेट मशीनमध्ये पांढरी शाई नसते. काळी असते, निळी, गुलाबी, पिवळी असते. फोटोत जिथं पांढरं दिसतं, तिथं मशीननं काहीच टाकलेलं नसतं. तो नुसता कागद. माणसाचा शर्ट, दात, डोळ्यांतला पांढरा भाग, हा सगळा कोरा राहिलेला कागद असतो. म्हणून कागद जसा, तसा त्या माणसाचा पांढरा.

कागद मुख्यतः दोन जातींचे. एकात चमक आणणारं रसायन घालतात. आपण धुतलेल्या कपड्यांना नीळ देतो, तसंच ते. उजेडात धरला की कागद निळसर पांढरा लखलखतो. पण ही चमक कायमची नाही. ऊन आणि वर्षं ती खातात आणि खालचा पिवळेपणा वर येतो. दुसरा कापसाचा. त्यात रसायन नाही. भिजवून सोललेल्या बदामासारखा त्याचा पांढरा, आणि तो शंभर वर्षं हलत नाही असं बनवणारे सांगतात. किंमत अर्थातच तिप्पट-चौपट.

यातला नियम असा की माउंट कधी कागदापेक्षा पांढरा असू नये. कणभर खालीच हवा. झगझगीत माउंटात बदामी कागद ठेवला की आतला फोटो मळका दिसतो. आणि हे पाहायचं ते उंबऱ्यावर, सकाळच्या उजेडात, वर काचेचा तुकडा धरून, कारण साध्या काचेलाही हिरवी झाक असते. ट्यूबखाली पाहिलं की माणूस फसतो. हमीदचाचा म्हणायचे, "सफेद रंग नईं है मियाँ, झगड़ा है. धूप में लेके जाव, फैसला वहींच होता."

वाळूजच्या एका कंपनीचे साहेब एकदा चाळीस फ्रेमा परत घेऊन आले होते. म्हणे, सगळे माउंट निळे पडलेत. मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो, स्टुलावर चढलो आणि त्यांच्या डोक्यावरच्या दोन ट्यूब बदलल्या. माउंट जागेवर आले. साहेबांनी ट्यूबचे पैसे दिले, जाण्या-येण्याचे दिले नाहीत. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं होतं की पांढऱ्यातलं आता आपल्याला सगळं कळतं.

त्यानंतर दोन वर्षांनी कौसाबाई आल्या. सत्तरीच्या आसपास, उंच, पायात पुरुषी चपला. प्रज्ञा त्यांच्या मुलीची मुलगी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर. तिनं काउंटरवर गुंडाळी उलगडली.

"काका, पुण्याहून करून आणलाय. कापसाचा कागद. शंभर वर्षं बघायला नको."

दहा बाय बारा इंच, काळा-पांढरा. विशीतला मुलगा. तेल लावून बसवलेले केस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. कॉलरवर शिक्क्याची अर्धी गोलाई. कारखान्याच्या गेटपासवरचा फोटो मोठा केलेला होता.

मी म्हणालो, "शिक्का काढता आला असता की कम्प्युटरवर."

"आजीनं काढू दिला नाही."

"राहू द्या," कौसाबाई म्हणाल्या. "नोकरी लागली व्हती त्याला. कळायला तेवढाच पुरावा हाय."

मुलाचं नाव सुभाष. नामांतरात गेला, एवढंच त्या बोलल्या. आमच्याकडे 'नामांतरात' म्हटलं की अठ्ठ्याहत्तर सालापासूनचं विद्यापीठाच्या नावाचं आंदोलन, हे वेगळं सांगावं लागत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "एका नावासाठी किती पोरं गेली, मावशी."

"लोकं असंच म्हणतेत," त्या म्हणाल्या. "नावात काय हाय म्हणतेत. मग तुमी दुकानावर पाटी काहून लावली, भाऊ?"

प्रज्ञा हसली. मीही हसलो, पण ते वाक्य मला लागलं. अलीकडं शहराचंच नाव बदललं आणि पाटी रंगवून घ्यायची वेळ आली, तेव्हाही ते आठवलं.

"तुमी कुठले?" त्यांनी विचारलं.

"फुलंब्रीकडचा. आम्ही मेंढरंवाले."

त्यांनी काउंटरवरच्या प्रिंटची वळलेली कड हातानं सरळ केली. मग म्हणाल्या, "मी बी तिकडचीच व्हते."

'होते', 'आहे' नाही. अठ्ठ्याहत्तर साली मी बारा वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात शेजारच्या गावाबाहेरची वस्ती एका रात्रीत रिकामी झाली. काही दिवसांनी आमची मेंढरं त्या जळक्या कुडांमध्ये शिरली. गवत गुडघाभर वाढलं होतं. वडिलांनी काठीनं एकेक मेंढरू बाहेर काढलं, तिथलं एक पातं खाऊ दिलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कौसाबाईंची वस्ती तीच होती का, हे दुकानात विचारायचं मला धाडस झालं नाही.

दर चौदा जानेवारीला, नामविस्ताराच्या दिवशी, कौसाबाई विद्यापीठाच्या गेटवर जायच्या. इतकी वर्षं तो गेटपास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेत होत्या. यंदा मोठा फोटो न्यायचा होता. म्हणजे माझ्याकडे आठवडा होता.

मी प्रिंट आणि नमुने उंबऱ्यावर नेले. पाच लावला, सात लावला, परत सहा लावला.

"काका, सहा आणि सातात फरक काय आहे?" प्रज्ञानं विचारलं.

"सातात तुझा मामा आजारी दिसतो."

"आमच्या कंपनीत तुम्हाला तपासणीला बसवलं तर एक पार्ट गेटबाहेर जायचा नाही."

कौसाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. "उनात काहून नेलं?" त्यांनी विचारलं.

"खरा रंग उन्हातच कळतो, मावशी."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसल्या.

सहा नंबर ठरला. बाजूंना अडीच इंच, खाली तीन. शनिवारी फ्रेम गेली. मी खूश होतो. प्रिंट कुठं संपतो आणि माउंट कुठं सुरू होतो, ते फक्त तिरक्या कापाच्या रेघेवरून कळत होतं.

रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. "काका, तुम्ही येता का? आजी काल संध्याकाळपासून जेवली नाही. फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. मला सांगत नाही काय झालं ते."

नमुने घेऊन मी स्कूटरवर मुकुंदवाडीला गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, एक पलंग आणि जमिनीवर भिंतीला टेकवलेली माझी फ्रेम, पाठमोरी. कौसाबाईंनी पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पोराचे डोळे पिवळे केलेत तुमी."

मी फ्रेम उचलून खिळ्याला लावली आणि दोन पावलं मागं आलो. त्या खरं बोलत होत्या. शर्ट पिवळा, दात पिवळे आणि डोळे स्पष्ट पिवळे.

कारण माझ्यासमोरच होतं. चारही भिंतींना चुना होता आणि त्या चुन्यात भरपूर नीळ. त्या खोलीत नजरेला पांढरा म्हणून जो सवयीचा झाला होता, तो निळीकडे झुकलेला होता. त्याच्यापुढं माझा बदामी कागद आणि त्याच्याशी तंतोतंत जुळवलेला माउंट, दोन्ही पिवळे पडले. मी कागद धरला, काच धरली, ऊन धरलं. भिंत धरली नव्हती. चाळीस फ्रेमांच्या वेळी ट्यूब बघायला मी ऑफिसात गेलो होतो. इथं कोणी बोलावलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं की फोटो कुठं लागणार.

प्रज्ञा म्हणाली, "आजी, काळा-पांढरा फोटो आहे. थोडा पिवळट दिसला तर काय होतं?"

"तू गप बैस." मग त्या माझ्याकडे वळल्या. बोलताना मात्र फोटोकडे बघत होत्या. "मोर्च्यात धरला व्हता त्याला. जेलातून सुटून आला तवा बरा व्हता. भाकर खाल्ली, शर्ट धुवाया टाकला. आठ दिसांनी डोळे पिवळे झाले. कावीळ. कुणी म्हणलं दवाखाना, कुणी म्हणलं दौलताबादकडं एक जण उतरवतो. दोन्ही केलं. रोज सकाळी त्याला दारात आणायचे, उनाकडं तोंड करायचे, अन् पापणी खाली वढून बघायचे, उतरली का. रोज. तो म्हणायचा, आये, कालच्यापेक्षा कमी हाय ना? मी म्हणायचे, व्हय, कमी हाय." त्या थांबल्या. "कमी नव्हती, भाऊ."

प्रज्ञा पलंगावर बसून राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. घरात 'मामा मोर्च्यात गेला' एवढंच बोललं जायचं.

जरा वेळानं ती म्हणाली, "आपण भिंत रंगवू. क्रीम कलर देऊ, मी उद्याच माणूस बघते."

"भित नाय बदलायची."

"अगं, पण—"

"वाळूजच्या निम्म्या शेडींची वाळू या डोक्यावर वाहिली, तवा या चार भिती उभ्या राहिल्या. त्यांची नीळ मी घालते. नाय बदलायची म्हणलं ना."

मी एक नंबरचा नमुना काढून फोटोच्या कडेला धरला. झगझगीत माउंटानं उपयोग झाला तर बघावं म्हणून. उलटंच झालं. डोळे आणखी पिवळे झाले. कौसाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मी नमुना पिशवीत टाकला.

एकच उपाय उरला होता. दुसरा प्रिंट, चमकेच्या कागदावर. तो या भिंतीवर पांढरा दिसला असता. पण मला सगळं सांगणं भाग होतं. "मावशी, तो टिकत नाही. घरात ठेवलात तर दहा-बारा वर्षं. दर साल गेटवर उन्हात न्याल तर त्याहून कमी. नंतर खरोखरच पिवळा पडेल. हा आत्ताचा शंभर वर्षं राहील."

"आजी, नको," प्रज्ञा म्हणाली. "मी मुद्दाम कापसाचा केलाय. पुढं माझ्या मुलांना—"

"मला शंभर वर्षं काय करायचेत?" कौसाबाई म्हणाल्या. "मी हाय तवर पांढरा ठेवा. माझ्यामागं हा लावा." त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "तुला नाय दिसायचे त्याचे डोळे पिवळे. तू बघितलेच नायत."

प्रज्ञानं पर्समधून फाइलची सीडी काढून माझ्या हातात दिली.

दुसरा प्रिंट शहरातच झाला. दोन नंबरचा माउंट कापला आणि बरोबर परत आणलेल्या त्याच फ्रेममध्ये बसवला. मंगळवारी, तेरा तारखेला सकाळी, कौसाबाई एकट्याच रिक्षानं आल्या. मी फ्रेम द्यायला हात पुढं केला तर म्हणाल्या, "तिथं न्या. उनात."

मी उंबऱ्यावर नेली. त्यांनी चपला काढल्या, खाली बसल्या आणि फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग उजव्या हाताचा अंगठा काचेवर ठेवला, डोळ्याच्या खाली, आणि हळूच खाली ओढला. पापणी ओढतात तसा.

"उतरली," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन लाकडाच्या पट्ट्या विनाकारण इकडच्या तिकडं केल्या.

हिशेब असा झाला. पहिल्या कामाचे राहिलेले सहाशे चाळीस, दुसऱ्या प्रिंटचे आणि माउंटचे तीनशे पन्नास. एकूण नऊशे नव्वद. मी तीनशे पन्नास सोडतो म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. नोटा मोजून ठेवल्या आणि बाजूला शंभराची आणखी एक ठेवली.

"ही कशाची?"

"तो पहिला फोटो परत लावायचा ना मी गेल्यावर. त्याची मजुरी."

"मावशी, तेव्हाचं तेव्हा बघू. प्रज्ञा देईल."

"तिनं कशाला? काम माझं हाय." नोट त्यांनी माझ्याकडे सरकवली. "मेल्यावर कुणाची उधारी नको मला. अन् भाऊ, तवर तुमी जगा म्हंजे झालं."

पहिला प्रिंट आणि सहा नंबरचा माउंट मी कोऱ्या कागदांत घालून सपाट खणात ठेवला. शंभराची नोट काउंटरच्या काचेखाली ठेवली. लोक विचारायचे, लकी नोट आहे का. मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा मनात आलं, पाचशेची दिली असती तर बाद झाली असती.

कौसाबाई दर चौदा जानेवारीला फोटो गेटवर नेत राहिल्या. उन्हात नेऊ नका, असं मी दोनदा निरोप पाठवून सांगितलं. मग सांगणं सोडलं.

तेरा वर्षांनी, एका पावसाळ्याच्या शेवटी, प्रज्ञा दुकानात आली. केसांत थोडं पांढरं, हातात चादरीत गुंडाळलेली फ्रेम. तिनं काही सांगायची गरज नव्हती.

मी मागची पट्टी काढून फ्रेम उघडली. माउंट उचलला. माउंटाच्या आतल्या काठाखाली प्रिंटची जी चिंचोळी कड झाकलेली होती, ती अजून तशीच निळसर पांढरी होती. बाकी सगळा कागद पिवळा. शर्ट, दात, डोळे.

"आजीला हे दिसलं?" मी विचारलं.

"शेवटची तीन-चार वर्षं तिला काहीच दिसत नव्हतं, काका. रोज सकाळी फोटो खाली काढायला लावायची, काचेवरनं हात फिरवायची अन् विचारायची, पांढरा हाय ना गं?"

"मग तू?"

"मी म्हणायचे, व्हय आजी, पांढराच हाय."

मी खणातून पहिला प्रिंट काढला. दोघं उंबऱ्यावर गेलो. तेरा वर्षांत तो केसभरही हलला नव्हता. प्रज्ञाचा आता बीड बायपासला फ्लॅट आहे. या वेळी मी आधी विचारलं, भिंती कुठल्या रंगाच्या? ती म्हणाली, बदामी. मग सहा नंबर बरोबर होता.

"जुन्याचं काय करू?" मी विचारलं.

"टाकू नका."

मग दोन्ही एकाच फ्रेममध्ये घातले. पुढं बदामी, मागं पिवळा, मध्ये कापसाचा एक कोरा कागद, एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून. फ्रेम बंद केली. प्रज्ञा फोटोकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिला त्यात नुसता एक वीस वर्षांचा मुलगा दिसत होता, धुतलेल्या शर्टातला. कौसाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं.

"किती द्यायचे, काका?"

मी काचेखालची नोट काढून तिला दाखवली आणि कोणी, कधी, कशासाठी दिली ते सांगितलं. ती नोट उलटी-सुलटी करून बघत राहिली. मग मी वडिलांसारखं मोठ्यानं म्हणालो: वार मंगळवार, फ्रेम उघडून बंद करायची मजुरी शंभर रुपये, देणार कौसाबाई, घेणार मी, पैसे पावले. दुसऱ्यांदाही मीच म्हणालो. तिसऱ्यांदा प्रज्ञाला म्हणायला लावलं.